आयुष्याचे वळण आणि ईश्वरावरील भरवसा

काही वर्षांपूर्वी एका गावच्या व्याख्यानमालेत बोलणे आटोपून आम्ही व्यासपीठावरून उतरत होतो, तोच मागच्या रांगेत बसलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. ते हाडाचे शिक्षक होते. सारी हयात त्याच गावात शिकवण्यात घालवून ते निवृत्त झाले होते. मुलगा मुंबईस नोकरीला होता. राहते घर विकून दोघांनी आपल्याकडे यावे, असा त्याचा आग्रह होता. घराला गिऱ्हाईकही आले होते. गृहस्थ म्हणाले, "देव वाट दाखवतो असे आपण सगळेच म्हणतो. पण समोर दोन वाटा असल्या, तर त्यांतली त्याची कोणती आणि आपल्या मनाची कोणती, हे ओळखायचे कसे?" आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. श्रद्धा ठेवा, मन शांत ठेवा, असे काहीसे. ते गृहस्थ भले होते, त्यांनी मान डोलावली. परंतु ते उत्तर आम्हांलाच पुरेसे वाटले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न आमच्या मनात घर करून राहिला आहे. आजचे हे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

'देवाची इच्छा' हे शब्द आपण दोन वेगळ्या प्रसंगी वापरतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जे घडून गेले त्याविषयी बोलताना ते शब्द समाधान देतात. मूल दगावले, धंदा बसला, पाऊस गेला. मनुष्य म्हणतो, देवाची इच्छा. तेथे निवड करावयाची नसते, सोसावयाचे असते. पण जे अजून ठरावयाचे आहे त्याविषयी हेच शब्द वापरले, म्हणजे प्रश्न अवघड होतो. लग्न, बदली, परगावी जाणे, निवृत्ती, जोडीदाराच्या मृत्यूनंतरचे एकटेपण, अशा वळणावर मनुष्य उभा असतो. मागची वाट सरलेली असते आणि पुढची दिसत नसते. अशा वेळी ईश्वरावर भरवसा ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे? हात जोडून बसून राहायचे, की पाऊल उचलायचे?

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी या वळणांचा विचार केलेला होता. ब्रह्मचर्य, गार्हस्थ्य, वानप्रस्थ आणि संन्यास हे चार आश्रम म्हणजे आयुष्याचे चार ऋतूच. मनुस्मृतीतील पुष्कळ गोष्टी आज आपण टाकून दिल्या आहेत, आणि टाकल्या हे योग्यच झाले. पण तिच्या सहाव्या अध्यायाच्या आरंभी वानप्रस्थाची वेळ ओळखण्याची जी खूण दिली आहे, ती लक्षात घेण्यासारखी आहे. अंगावर सुरकुत्या दिसू लागल्या, केस पिकले आणि मुलाचे मूल पाहिले, म्हणजे गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे तेथे सांगितले आहे. आकाशवाणी व्हावी, स्वप्नात दृष्टान्त व्हावा, असे तेथे म्हटलेले नाही. ईश्वरी संकेत शोधायचा तो आरशात आणि पाळण्यात! या सांगण्यात मोठे शहाणपण आहे. मात्र त्याच्या पुढच्याच श्लोकात एक उणीव डोकावते. बायकोला मुलांच्या हवाली करावे, नाहीतर बरोबर न्यावे, असे शास्त्रकार सांगतो. तिला काय वाटते हे विचारावे, असे तो सांगत नाही. ही उणीव आपण मनात ठेवू. तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

आज वनही उरले नाही आणि वानप्रस्थही उरला नाही. आता वळणाची खूण कार्यालयाच्या कागदावर येते. अठ्ठावन्नाव्या किंवा साठाव्या वर्षी शाल, श्रीफळ आणि चार भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मनुष्य नेहमीच्या वेळी उठून बसतो तेव्हा त्याला कोठेच जावयाचे नसते. शरीर धडधाकट असते, पुढे वीस-पंचवीस वर्षे दिसत असतात, आणि त्यांचे करायचे काय हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते. स्त्रियांच्या आयुष्यात तर अशी वळणे अधिक, आणि त्यांतली बहुतेक दुसऱ्याच्या निर्णयाने आलेली. म्हणून मार्गदर्शनाची भूक पूर्वीपेक्षा आज कमी झाली आहे, असे आम्हांला वाटत नाही.

ही भूक भागविण्याचा एक उपाय आपल्या कोकणात आणि गोव्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे. त्याला कौल लावणे किंवा प्रसाद घेणे म्हणतात. देवाच्या मूर्तीवर ठरावीक जागी कळ्या, पाने किंवा तांदूळ पाण्याने चिकटवतात, गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालतो, आणि उजवीकडचे आधी पडले की डावीकडचे, यावरून होकार किंवा नकार समजतात. देवळादेवळागणिक रीत थोडी बदलते. शहरातला शिकलेला मनुष्य याला हसतो. आम्हांला नुसते हसावेसे वाटत नाही. कौल लावणाऱ्याला आपल्या मनातली गोष्ट चारचौघांत, मोठ्याने आणि नेमक्या शब्दांत मांडावी लागते. जी गोष्ट देवापुढे आणि गावापुढे उघड बोलता येत नाही, ती करण्यासारखी नसते, हे तेथे आपोआप कळते. शिवाय घाईने होणारा निर्णय तेवढा वेळ तरी थांबतो. या दोन गोष्टी लाखमोलाच्या आहेत.

पण कौलाची मर्यादाही उघड आहे. देव उत्तर देतो ते आपण विचारलेल्या प्रश्नाचे. 'जमीन भावाला द्यावी का?' असे विचारायचे धैर्य नसलेला मनुष्य 'जमिनीवर दावा लावू का?' एवढेच विचारतो. कळी उजवीकडे पडते, आणि तो समाधानाने घरी जातो. प्रश्न घडवणारे मन शुद्ध नसेल, तर उत्तर कोठूनही आले तरी ते त्याच मनाचे असते. तेव्हा मार्गदर्शनाची चर्चा करताना आपल्याला पाकळीपासून मनाकडे वळले पाहिजे.

काही थोर माणसांनी आपल्याला आतून स्पष्ट आदेश मिळाल्याचे सांगितले आहे. त्यांपैकी श्रीअरविंदांची हकीकत महाराष्ट्राला जवळची आहे. १८९३ ते १९०६ या काळात ते बडोदे संस्थानच्या सेवेत होते. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेची काँग्रेस मोडली. त्यानंतर बडोद्यास त्यांची गाठ विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी पडली. लेल्यांच्या सहवासात तीन दिवस एका खोलीत बसून त्यांचे मन पूर्णपणे निःशब्द झाले. पुढे मुंबईस व्याख्यान द्यावयाचे होते. मनात एकही विचार उठत नाही, मग बोलावे कसे, असे त्यांनी विचारले. लेल्यांनी सांगितले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. १९०८ च्या जानेवारीत मुंबईच्या सभेत त्यांनी तसेच केले, आणि शब्द आले. व्याख्यानमालेतील वक्त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. मात्र ज्याचे मन आधी वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने भरलेले आहे त्यानेच ते रिकामे करून उभे राहावे, हेही विसरू नये.

याच अरविंदांनी ३० मे १९०९ रोजी उत्तरपाडा येथे केलेल्या भाषणात एक प्रांजळ कबुली दिली आहे. १९०८ च्या मे महिन्यात अटक होण्यापूर्वी महिनाभर तरी आधी, सारी धडपड बाजूला ठेवून एकांतात जा, असा पुकारा आपल्याला आतून आला होता. पण हाती घेतलेले काम आपल्याला फार प्रिय होते, ते सोडवेना, म्हणून आपण तो ऐकला नाही, असे त्यांनी सांगितले. जे स्वतःहून सोडवले नाही ते अलीपूरच्या तुरुंगाने वर्षभरासाठी सोडवले. या कबुलीचे आम्हांला फार मोल वाटते. आवाज ऐकू आला हा तिचा मुख्य भाग नव्हे. आपण ज्याला देशकार्य म्हणतो त्यातही 'माझे काम' ही ओढ असते, आणि ती ओढच पुढचे वळण दिसू देत नाही, हा तिचा मुख्य भाग होय. निवृत्तीनंतरही रोज जुन्या कचेरीत डोकावणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

गांधीजींची हकीकत पुण्याचीच आहे. येरवड्याच्या तुरुंगात असताना ८ मे १९३३ रोजी त्यांनी आत्मशुद्धीसाठी एकवीस दिवसांचे उपोषण सुरू केले. अस्पृश्यतानिवारणाच्या कार्याशी ते निगडित होते. रात्री मनात मोठी उलघाल चालली असता आपल्याला स्पष्ट आवाज ऐकू आला आणि त्यानंतर मन शांत झाले, असे त्यांनी सांगितले. हा भ्रम असेल, असे म्हणणारे तेव्हाही होते. गांधीजींनी त्यांच्याशी वाद घातला नाही. हे दुसऱ्याला सिद्ध करून दाखवता येण्यासारखे नाही, असे त्यांनी मान्य केले. त्याचबरोबर, सत्य, अहिंसा, संयम आणि नम्रता यांची शिस्त अंगी बाणवल्यावाचून कोणीही उठून अंतर्नादाचा दाखला देऊ नये, हेही त्यांनी वारंवार बजावले. आणि त्या उपोषणात पणाला लागले होते ते त्यांचे स्वतःचे शरीर, दुसऱ्या कोणाचे नव्हे, हेही नोंदवून ठेवले पाहिजे.

परंतु असा आवाज आपल्यापैकी किती जणांना येणार? हजारात एकालाही नाही. मग बाकीच्यांना मार्गदर्शन नाहीच काय? येथे आम्हांला एका स्त्रीची आठवण होते. वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली. त्यांच्या पत्नी रमाबाई यांची ही गोष्ट होय. रमाबाईंचा जन्म १८६२ चा, विवाह १८७३ चा. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने शिकवले, घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचे टोमणे सोसत त्या शिकल्या, आणि पुढची सत्तावीस वर्षे त्यांचे जग म्हणजे न्यायमूर्तींचे जग होते. १६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती वारले. रमाबाई तेव्हा एकोणचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. मूलबाळ नव्हते. मुंबईचा संसार आवरून त्या पुण्याच्या घरी आल्या.

त्यानंतर सुमारे वर्षभर त्या जवळजवळ घराबाहेर पडल्या नाहीत. चरित्र वाचताना हे वर्ष आपण एका ओळीत ओलांडतो. पण ज्याच्यावर असा प्रसंग आला आहे त्याने त्या ओळीवर थांबावे. ईश्वरावर भरवसा असणाऱ्याला दुःख लवकर आवरता येते, असा एक गैरसमज आहे. न्यायमूर्तींचे घर ईश्वरभक्तांचे घर होते. ते प्रार्थनासमाजाचे, पहाटे तुकोबांचे अभंग म्हणताना त्यांचे डोळे भरून येत, असे रमाबाईंनीच लिहून ठेवले आहे. अशा घरातल्या स्त्रीलाही अंधारात वर्ष काढावे लागले. भरवसा म्हणजे अंधार नसणे नव्हे. अंधारात असताना हे कायमचे आहे असा निकाल न देणे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

पुढे काय झाले? कोणताही आवाज आला नाही. लहान लहान कामे दाराशी आली आणि रमाबाईंनी ती घेतली. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटायला त्या जाऊ लागल्या. घरी येणाऱ्या बायकांसाठी शिकण्या-शिकवण्याचे वर्ग सुरू झाले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईस सेवासदन काढण्याचे योजले, तेव्हा त्यांनी रमाबाईंना गळ घातली. १९०९ साली पुण्याचे सेवासदन उभे राहिले. विधवा आणि गरजू स्त्रियांना तेथे शिक्षण मिळू लागले, आणि ज्या वर्गातल्या स्त्रियांनी परक्या रोग्याला हात लावणे त्या काळी पाप समजले जाई, त्या वर्गातल्या मुली ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक निघाले. १९२४ साली रमाबाई वारल्या तेव्हा पतीनंतरची तेवीस वर्षे त्यांनी अशी काढली होती की, ती कोणाच्या सावलीतली वर्षे आहेत असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती.

आता गंमत अशी की, १९०१ साली कोणी रमाबाईंना सेवासदनाचे चित्र दाखवले असते, तर त्या बहुधा घाबरून मागे सरल्या असत्या. एवढे सारे एकदम दिसले नाही, हीच त्यांच्यावर कृपा झाली. कंदील हातात घेऊन रात्री रानातून चालणाऱ्याला गाव दिसत नसते. चार पावले दिसतात. ती चालून गेला म्हणजे पुढची चार दिसतात. उभ्या जागी राहून कंदील कितीही उंच धरला तरी गाव दिसत नाही. ईश्वरी मार्गदर्शन बहुतेकांच्या वाट्याला येते ते असे. दाराशी आलेले, आपल्या आवाक्यातले, दुसऱ्याच्या उपयोगाचे काम हातात घ्यावे, म्हणजे त्याच्यापुढचे दिसू लागते.

येथवर सारे गोड झाले. पण या विषयाला एक कडू बाजू आहे, आणि ती सांगितल्यावाचून हे विवेचन प्रामाणिक होणार नाही. एकाला मिळालेल्या आदेशाची किंमत पुष्कळदा दुसराच कोणी भरतो. १९१० साली अरविंद आदेश मानून प्रथम चंद्रनगरला आणि तेथून ४ एप्रिलला पाँडिचेरीला पोचले. पुढे १९५० साली देह ठेवीपर्यंत ते तेथेच राहिले. त्यांच्या पत्नी मृणालिनीदेवी बंगालात मागे राहिल्या आणि १९१८ साली, पतीकडे जाणे घडण्यापूर्वीच, वारल्या. अरविंदांच्या थोरवीला यामुळे बाध येतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु ही आठ वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची, हा प्रश्न विचारायला आपण कचरू नये.

आपल्या मराठीत या प्रश्नाची दुसरी बाजू एका स्त्रीने स्वतःच्या लेखणीने लिहून ठेवली आहे. कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या दृष्टीने ती देवाने दाखवलेली वाट होती, आणि त्या वाटेसाठी त्यांनी घरदार, जात, नातीगोती यांवर पाणी सोडले. पण लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने पाहिले तर पायाखालची जमीन सरकली. लहान मुलाला घेऊन त्यांनी नातलगांच्या आश्रयाने काही वर्षे काढली. पुढे त्या पतीकडे परत गेल्या; पण गेल्या त्या दिवशी ख्रिस्ती झाल्या नाहीत. जातिभेद देवाने केला की माणसाने, याचा उलगडा स्वतःच्या मनाशी होईपर्यंत त्या थांबल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना हसू आणि आसू एकदम येतात ते यामुळेच. धर्मांतराविषयी कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट त्या पुस्तकातून निर्विवाद शिकता येते. एकाला झालेले दर्शन दुसऱ्याला उसने देता येत नाही. नवऱ्याची वाट ती बायकोची वाट, बापाची वाट ती मुलाची वाट, असे देव गृहीत धरत नाही. धरतो तो आपण.

मग आपल्याला मिळालेल्या भरवशावर दुसऱ्याला ओलीस न ठेवता पाऊल टाकायचे कसे? याचे उत्तर आम्हांला देहूत सापडते. १६३० च्या सुमारास दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांचा धंदा बुडाला, पहिली पत्नी आणि मूल गेले. घरात सावकारी होती. लोकांकडून येणे असलेली खते घरात पडून होती. ती खते तुकोबांनी इंद्रायणीच्या डोहात बुडवली, ही गोष्ट मराठी मुलाला लहानपणीच ठाऊक होते. पण तिचा एक भाग आपण सांगताना गाळतो. खते बुडवण्यापूर्वी त्यांच्या वाटण्या झाल्या. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, हवाली करण्यात आली. तुकोबांनी बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची.

आमच्या मते या वाटणीत सारे आले. ईश्वरावर पूर्ण भार टाकायचा, पण तो आपल्या वाट्याचा. भावाच्या वाट्याची श्रद्धा आपण परस्पर खर्च करायची नाही. तुकोबांची श्रद्धा अपुरी होती म्हणून त्यांनी निम्मी खते राखली, असे कोणी म्हणेल काय? श्रद्धा पुरी होती म्हणूनच त्यांना तिचे क्षेत्र ठाऊक होते. आता, त्यानंतरच्या संसाराचा भार जिजाईवर पडला, आणि तिचा वाटा कोणी वेगळा काढला नव्हता, हेही खरे. संतांच्या घरीसुद्धा हा हिशेब पुरता जमत नाही, म्हणून आपण तो अधिक जपून केला पाहिजे.

भरवसा आणि तयारी यांचा मेळ कसा घालायचा, हे आपला शेतकरी कोणत्याही ग्रंथाशिवाय जाणतो. चैत्र-वैशाखात, जेव्हा व्याख्यानमालांचे मांडव पडतात, तेव्हा तो तापलेल्या रानात नांगरट करीत असतो. आभाळात ढगाचा ठिपका नसतो. ढग दिसल्यावर नांगरीन असे तो म्हणत नाही. मृग बरसला तर रान तयार असले पाहिजे, एवढे तो जाणतो. काही ठिकाणी तर पावसाआधीच कोरड्या मातीत धूळपेरणी करतात. परंतु शहाणा शेतकरी घरातले सगळे बी एकदम मातीत घालत नाही. पावसाने ताण दिला तर दुबार पेरणीला काहीतरी शिल्लक ठेवतो. ही शिल्लक म्हणजे अविश्वास नव्हे. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही याची ती कबुली आहे. आणि ज्याला आपल्या हाती काय नाही हे नीट कळते, तोच आपल्या हाती जे आहे ते नीट करतो.

भगवद्गीतेचा शेवटही येथे आठवण्यासारखा आहे. अठराव्या अध्यायात, सारा उपदेश संपत आला असता, श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो की, मी तुला हे ज्ञान सांगितले, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर. साक्षात भगवंत सारथी असताना निवड मात्र अर्जुनाची! मार्गदर्शन म्हणजे आपल्या वतीने दुसऱ्या कोणी निर्णय घेणे, अशी ज्याची कल्पना असेल त्याला ईश्वर नको असतो, कारकून हवा असतो.

येथे एखादा बुद्धिवादी श्रोता विचारील की, हे सारे जर स्वतःच्या विवेकानेच करावयाचे, तर मध्ये ईश्वर कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि ईश्वर न मानणारी कित्येक माणसे आयुष्याची वळणे धीराने ओलांडतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमचे म्हणणे एवढेच की, नुसता हिशेब करणारी बुद्धी वळणावर येऊन थबकते, कारण पुढचे आकडे तिच्याजवळ नसतात. सारे आकडे मिळेपर्यंत थांबले तर आयुष्य सरते. अपुऱ्या माहितीवर पाऊल टाकण्याचे बळ, आणि ते पाऊल चुकले तर मन न मोडता परत फिरण्याचे बळ, ही दोन्ही बळे कोठून तरी आणावी लागतात. भाविकाला ती ईश्वरावरील भरवशातून मिळतात. पाऊल चुकले तरी आपण त्याच्या अंगणाबाहेर पडत नाही, ही त्याची खात्री असते. म्हणून खरा भाविक आपला निर्णय बदलायला लाजत नाही. जो 'देवाने सांगितले' म्हणून चुकलेल्या वाटेवर हट्टाने चालत राहतो, त्याचा भरवसा देवावर नसून स्वतःच्या शब्दावर असतो.

तेव्हा त्या शिक्षकांना आज उत्तर द्यावयाचे झाले तर आम्ही असे देऊ. गुरुजी, तुमच्या मनातली गोष्ट देवापुढे बोलता तशी चार माणसांपुढे उघड बोलता येते का, ते पाहा. जे सुटत नाही ते कर्तव्य म्हणून सुटत नाही की सवय म्हणून, ते स्वतःला विचारा. सगळी वाट दिसण्याची वाट पाहू नका. पुढची चार पावले दिसली तर पुरे. दुबार पेरणीचे बी राखून ठेवा. घर विकण्याआधी सहा महिने मुलाकडे राहून पाहता येत असेल तर पाहा. आणि जो वाटा तुमचा नाही तो डोहात टाकू नका.

हे शेवटचे आम्ही मुद्दाम सांगतो. त्या दिवशी गृहस्थ बोलत असताना त्यांच्या मागे दोन पावलांवर त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. हातात पिशवी होती, आणि त्या नवऱ्याचे बोलणे संपण्याची वाट पाहत होत्या. त्या घरात त्यांचेही आयुष्य गेले होते. तुळशीवृंदावन कोणी बांधले, परसातले फणसाचे झाड कोणी लावले, शेजारणीला अडीअडचणीला कोणती हाक पुरते, हे त्यांनाच ठाऊक असणार. ईश्वराची इच्छा कोणती, हे त्या गृहस्थांनी देवाला विचारले होते आणि आम्हांलाही विचारले. त्यांना विचारले होते की नाही, हे विचारायचे आमच्या तेव्हा ध्यानात आले नाही. देव आपला कौल पुष्कळदा पाकळीतून देत नाही, आभाळातून देत नाही. ज्याच्याबरोबर आपल्याला पुढची वाट चालायची आहे त्याच्या तोंडून तो देतो, आणि आपण विचारीपर्यंत तो तोंड उघडत नाही. ते दोघे आज कोठे आहेत, हे आम्हांला ठाऊक नाही. जेथे असतील तेथे दोघांनी मिळून ठरवून गेलेले असोत, एवढीच प्रार्थना.